डव्हकॉट बसवताना क्लायंट सगळ्यात शेवटी

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग असते. पोस्टमन येतो, ब्लॉक नंबर बघून पत्रं फटीतून आत सरकवतो आणि निघून जातो. पेटीची किल्ली त्याच्याकडे नसते, तुमच्याकडे असते. मेल सर्व्हरवरही ही दोन कामं अशीच वेगळी आहेत, आणि नवख्या माणसाचा अर्धा गोंधळ ती एकच समजल्यामुळे होतो. बाहेरून आलेलं मेल पेटीत टाकणारा पोस्टफिक्स. तुमची ओळख पटवून पेटी उघडणारा आणि आतली पत्रं थंडरबर्डसारख्या मेल वाचायच्या प्रोग्रामला किंवा फोनला, म्हणजे क्लायंटला, दाखवणारा डव्हकॉट. डव्हकॉट या शब्दाचा अर्थच कबुतरखाना. दादरचा नव्हे, जुन्या युरोपातला, प्रत्येक कबुतराला वेगळा खण असलेला. फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी त्याची पहिली आवृत्ती २००२ मध्ये बाहेर काढली.

मी वागळे इस्टेटमधल्या एका शीट मेटल युनिटचं कॉम्प्युटरचं काम बघतो. अकरा माणसं, पाच लॅपटॉप, प्रत्येकाचा फोन, आणि पीओपासून (खरेदीची ऑर्डर) चलनापर्यंत सगळं मेलवर. त्यांचा मेल सर्व्हर उभा करताना जे हाताला लागलं ते इथे लिहितोय. लेख डव्हकॉटपुरता आहे. आपलं मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये न जाणं हा वेगळा आणि जास्त कटकटीचा विषय, तो आज नाही.

आज्ञा, फायलींची नावं आणि सेटिंगं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत टाइप करायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तर स्मॉल अक्षरांत.

मशीन कुठे

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधल्या ब्रॉडबँडवर हा सर्व्हर चालवायचा विचार असेल तर सोडून द्या. घरच्या जोडणीचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलत राहतो, बऱ्याचदा तो शेकडो घरांत मिळून एकच असतो, पंचवीस नंबरचं पोर्ट (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) बंद असतं आणि आयपीवरून नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंद तुमच्या हातात नसते. एखादा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा सर्व्हर, घ्या. अकरा माणसांना दोन जीबी रॅम भरपूर होते, डव्हकॉट स्वतः फार हलका आहे. मात्र व्हीपीएसवालेही बरेच जण बाहेर जाणारं पंचवीस नंबरचं पोर्ट सुरुवातीला बंद ठेवतात, पैसे भरण्याआधी विचारून घ्या. नुसतं शिकायचं असेल तर जुना लॅपटॉप आणि घरचं वायफाय पुरे.

मी उबुंटू २४.०४ ही लिनक्स धरून चाललोय. त्यात डव्हकॉटची २.३ ही आवृत्ती येते. हे आधीच सांगण्याचं कारण असं, की २०२५ च्या जानेवारीत २.४ आली आणि तिने सेटिंगांची नावंच बदलली. डेबियन १३ या दुसऱ्या लिनक्समध्ये २.४ आहे. तिथे २.३ चं सेटिंग चिकटवलंत तर डव्हकॉट सुरूच होत नाही. तेव्हा कुठलाही सल्ला, हा लेखसुद्धा, वापरण्याआधी 'डव्हकॉट --व्हर्जन' चालवून आपण कुठे आहोत ते बघा.

बसवणं, आणि काय बसवायचं नाही

'सूडो ॲप्ट इन्स्टॉल पोस्टफिक्स डव्हकॉट-आयमॅपडी'. पोस्टफिक्स प्रश्न विचारेल तेव्हा 'इंटरनेट साइट' निवडा आणि स्वतःचं डोमेन द्या.

डव्हकॉट-पॉप३डी नावाचं पॅकेजही दिसेल. ते घेऊ नका. आयमॅपमध्ये पत्रं पेटीतच राहतात आणि तुम्ही ती कुठूनही वाचता, पॉप३ मध्ये ती उचलून घरी नेण्याची रीत. आमच्याकडे सुरुवातीला दोन्ही चालू होतं. पर्चेसच्या साहेबांनी एका रविवारी घरच्या कॉम्प्युटरवर खातं जोडलं, जोडताना पॉप३ निवडलं गेलं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण राहून गेली. सोमवारी ऑफिसच्या लॅपटॉपवर इनबॉक्स रिकामा. साहेबांचा आवाज अजून कानात आहे: "अहो, माझी सगळी मेलं गेली कुठे?" मेलं त्यांच्याच घरी होती, पण ती परत आणायला दोन दिवस गेले. ज्या दाराची गरज नाही ते ठेवूच नये.

एकच फाईल

ईटीसी फोल्डरच्या आत डव्हकॉट, त्यात कॉन्फ.डी, आणि त्यात आकड्यांनी सुरू होणाऱ्या फायलींची फौज: १०-मेल, १०-ऑथ, १०-एसएसएल, १०-मास्टर. बहुतेक मार्गदर्शक तुम्हाला या प्रत्येक फाईलमध्ये जाऊन एकेक ओळ बदलायला सांगतात. मी तसं करत नाही. सहा महिन्यांनी कुठे काय बदललं ते आठवत नाही, आणि अपग्रेडच्या वेळी जुनी फाईल ठेवू की नवी, असा प्रश्न येतो.

मुख्य डव्हकॉट.कॉन्फ फाईलच्या शेवटी एक ओळ आयतीच असते, 'लोकल.कॉन्फ' मिळाली तर तीही वाच, अशी. ही फाईल सगळ्यात शेवटी वाचली जाते आणि एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटचं चालतं. म्हणून ईटीसी/डव्हकॉटमध्ये लोकल.कॉन्फ तयार करायची आणि आपलं सगळं तिथेच लिहायचं. बाकीच्या फायली फक्त वाचायला. त्यांतल्या टिपा चांगल्या आहेत.

बदल केला की 'डव्हकॉन्फ -एन'. मूळ सेटिंगांपेक्षा तुमच्याकडे काय वेगळं आहे तेवढंच ही आज्ञा दाखवते, आणि ओळीत चूक असेल तर तिथेच बोट ठेवते. कुणाकडे मदत मागायला गेलात तर पहिल्यांदा हेच मागतात.

पेटी : मेलडिर

उबुंटूवर डव्हकॉट मूळ सेटिंगात एमबॉक्स वापरतो, म्हणजे एका माणसाची सगळी मेलं एकाच लांबलचक फाईलमध्ये. आपल्याला मेलडिर हवं, प्रत्येक मेल वेगळी फाईल. लोकल.कॉन्फमध्ये पहिली ओळ:

'मेल_लोकेशन = मेलडिर:~/मेलडिर'

कोलनच्या आधीचा शब्द स्मॉलमध्ये, तिरक्या रेषेनंतरच्या मेलडिरचा एम कॅपिटल.

पोस्टमनलाही पेटी बदलल्याचं सांगायला हवं, नाहीतर तो जुन्याच पेटीत पत्रं टाकत राहील आणि तुम्ही नवी उघडून बसाल. 'सूडो पोस्टकॉन्फ -ई "होम_मेलबॉक्स = मेलडिर/"'. इथेही एम कॅपिटल. शेवटची तिरकी रेष शोभेची नाही. ती असली तर पोस्टफिक्स मेलडिर समजतो, नसली तर त्याच नावाची एमबॉक्स फाईल तयार करतो आणि मग डव्हकॉट फोल्डर सापडत नाही म्हणून ओरडतो.

माणूस जोडायचा तो 'सूडो ॲडयूजर --शेल /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन' आणि पुढे नाव. नोलॉगिनमुळे त्याला मेल मिळतं, पण सर्व्हरवर शेल, म्हणजे आज्ञा चालवण्याची जागा, मिळत नाही. मेलडिर फोल्डर हाताने बनवू नका. सूडो लावून बनवलंत तर त्याचा मालक रूट (सर्वाधिकारी खातं) होतो आणि लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' येतं. पहिलं मेल आलं किंवा पहिलं लॉगिन झालं की फोल्डर आपोआप तयार होतं. आधीच बनवून बसला असाल तर 'चोन -आर' (इथे आर कॅपिटल) करून मालकी त्या माणसाच्या नावावर करा.

आणखी एक ओळ, जी मला उशिरा कळली: 'ऑथ_यूजरनेम_फॉरमॅट =' आणि पुढे टक्क्याचं चिन्ह, कॅपिटल एल, स्मॉल एन. लोक क्लायंटमध्ये पूर्ण ईमेल पत्ता भरतात, पण लिनक्सला फक्त ॲटच्या आधीचं नाव माहीत असतं. ही ओळ पत्त्यातलं डोमेन काढून टाकते आणि अक्षरं स्मॉल करते. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो, तोही त्रास मिटतो.

कुलूप

पासवर्ड उघडा जाऊ द्यायचा नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं सर्टिफिकेट (सर्व्हरच्या नावाची ओळख पटवणारी फाईल) फुकट मिळतं, ते सर्टबॉट नावाचा प्रोग्राम आणून देतो: 'सूडो सर्टबॉट सर्टओन्ली --स्टँडअलोन -डी' आणि पुढे मेल सर्व्हरचं पूर्ण नाव. त्या वेळी ऐंशी नंबरचं पोर्ट बाहेरून उघडं हवं. मग लोकल.कॉन्फमध्ये तीन ओळी: 'एसएसएल = रिक्वायर्ड', 'एसएसएल_सर्ट =' पुढे फुलचेन.पेम, 'एसएसएल_की =' पुढे प्रिव्हकी.पेम. दोन्ही फायलींच्या पूर्ण मार्गाआधी '<' हे 'लेस दॅन'चं चिन्ह लागतं. त्याचा अर्थ, या नावाच्या फाईलच्या आत जे आहे ते घे. ते विसरलात तर डव्हकॉट मार्गालाच सर्टिफिकेट समजतो.

हे सर्टिफिकेट नव्वद दिवस चालतं. सर्टबॉट ते तीस दिवस उरले की स्वतः नवं करतो, म्हणून मी निर्धास्त होतो. पण डव्हकॉटने जुनं सर्टिफिकेट सुरू होतानाच वाचून ठेवलेलं असतं, डिस्कवर नवं आलंय याची त्याला दाद नसते. नूतनीकरण नीट झालं, पुढे महिनाभर सगळं ठीक चाललं, आणि मग एका सकाळी अकराच्या अकरा माणसांना सर्टिफिकेट संपल्याचा इशारा. फाईल बघावी तर तारीख पुढची. चूक माझीच. लेट्सएन्क्रिप्ट फोल्डरमध्ये रिन्यूअल-हुक्स, त्यात डिप्लॉय, तिथे एक छोटी स्क्रिप्ट ठेवायची होती, 'सिस्टिमसीटीएल रीलोड डव्हकॉट पोस्टफिक्स' एवढ्या एका ओळीची. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका.

पोर्टांचं थोडक्यात: ९९३ वर आयमॅप पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद, १४३ वर आधी उघडं आणि मग टीएलएसवर (हेच ते कुलूप) जाणारं. मी ९९३ च ठेवतो. यूएफडब्ल्यू हा उबुंटूचा फायरवॉल. 'सूडो यूएफडब्ल्यू अलाऊ ९९३/टीसीपी' करा आणि १४३ बाहेरून उघडू नका. यूएफडब्ल्यू पहिल्यांदाच चालू करत असाल तर आधी एसएसएचला (सर्व्हरवर दुरून शिरण्याची वाट) परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. ऐंशी आणि पंचवीसही उघडी ठेवावी लागतात.

'सूडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डव्हकॉट', आणि पोस्टफिक्सही.

हाताने विचारा

थंडरबर्ड इथे उघडायचा मोह होतो. उघडू नका. क्लायंट चूक सांगतो ती 'जोडणी होऊ शकली नाही' एवढीच, आणि मग पासवर्ड, फायरवॉल, सर्टिफिकेट, डीएनएस यांतलं नेमकं काय बिघडलं ते शोधत तुम्ही अंधारात फिरता. आतून बाहेर या.

पहिलं, सर्व्हरवरच: 'सूडो डव्हॲडम ऑथ टेस्ट' आणि नाव. पासवर्ड त्याच ओळीत लिहू नका, शेलच्या इतिहासात राहतो. तो विचारेल तेव्हा द्या. 'ऑथ सक्सीडेड' आलं की ओळख पटते आहे.

दुसरं, पेटी. दुसऱ्या खात्यावरून एक मेल पाठवा आणि त्या माणसाच्या मेलडिरमध्ये बघा. न्यू, कर, टीएमपी असे तीन फोल्डर असतात. ताजं मेल न्यूमध्ये, लांबलचक आकड्यांच्या नावाची एक फाईल. ती तिथे नसेल तर दोष पोस्टफिक्सकडे किंवा त्याच्याही आधी, डव्हकॉटला शिव्या देऊ नका.

तिसरं, बाहेरून, तुमच्या लॅपटॉपवरून: 'ओपनएसएसएल एस_क्लायंट -क्वाएट -कनेक्ट' पुढे सर्व्हरचं नाव, कोलन, ९९३. सर्टिफिकेटच्या काही ओळी येतील आणि मग ताऱ्याने सुरू होणारी एक ओळ, शेवटी 'डव्हकॉट उबुंटू रेडी'. आता तुम्हीच क्लायंट. टाइप करा:

'ए१ लॉगिन नाव पासवर्ड'

उत्तर 'ए१ ओके'. ए१ म्हणजे चलन नंबर समजा. एकाच वेळी चार मागण्या गेल्या आणि उत्तरं मागेपुढे आली तरी कुठलं उत्तर कशाचं ते त्यावरून कळतं. पासवर्ड पडद्यावर दिसतो, मागे कुणी उभं नाही ना ते बघा. पुढे 'ए२ सिलेक्ट इनबॉक्स'. '* १ एक्झिस्ट्स' आलं म्हणजे पेटीत एक पत्र आहे. आता दुसऱ्या खिडकीत मेलडिर पुन्हा बघा: मघाची फाईल न्यूमधून करमध्ये गेलेली असेल आणि नावाच्या शेवटी कोलन, २, स्वल्पविराम अशी शेपटी आलेली असेल. पुढे थंडरबर्डमध्ये ते मेल वाचलंत की त्या शेपटीला कॅपिटल एस लागतो, उत्तर दिलंत की आर. वाचलं की नाही ही नोंद कुठल्या डेटाबेसमध्ये नाही, फाईलच्या नावातच आहे. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मेलडिरची भीती जाते. 'ए३ लॉगआऊट'.

तिसऱ्या पायरीला काहीच उत्तर आलं नाही आणि कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर फायरवॉल बघा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लगेच आलं तर डव्हकॉट त्या पोर्टवर ऐकतच नाहीये. लॉगिन नाकारलं गेलं तर व्हार/लॉग/मेल.लॉग वाचा. डव्हकॉटचा लॉग भलता बोलका आहे, कुठल्या फोल्डरला कुठली परवानगी कमी पडली तेही सांगतो. एवढ्यानेही कळत नसेल तर 'ऑथ_डीबग = यस' लावा आणि काम झालं की काढा.

पाठवण्याची वाट

डव्हकॉट मेल पाठवत नाही, ते पोस्टफिक्सचं काम. पण पाठवणाऱ्याचा पासवर्ड तपासायचं काम पोस्टफिक्स डव्हकॉटवर सोपवू शकतो. लोकल.कॉन्फमध्ये 'सर्व्हिस ऑथ' या कंसात 'युनिक्स_लिसनर' म्हणून व्हार/स्पूल/पोस्टफिक्स/प्रायव्हेट/ऑथ हा मार्ग द्यायचा, मोड ०६६०, यूजर आणि ग्रुप पोस्टफिक्स. १०-मास्टरमध्ये याचा नमुना टिपेच्या रूपात आहेच. पोस्टफिक्सकडे 'एसएमटीपीडी_एसएएसएल_टाइप = डव्हकॉट' आणि 'एसएमटीपीडी_एसएएसएल_पाथ = प्रायव्हेट/ऑथ'. इथे अर्धाच मार्ग का, तर पोस्टफिक्स त्याच्या स्पूल फोल्डरच्या आत कोंडलेला असतो, त्याचं जग तिथूनच सुरू होतं. ५८७ नंबरचं सबमिशन पोर्ट मास्टर.सीएफमध्ये आधीच लिहिलेलं आहे, त्या ओळींपुढची हॅशची (#) चिन्हं काढायची. त्याला टीएलएस सक्तीचं करा, सर्टिफिकेट तेच द्या, आणि यूएफडब्ल्यूमध्ये ५८७ उघडा.

आता क्लायंट

थंडरबर्डमध्ये येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, ९९३, एसएसएल/टीएलएस, 'नॉर्मल पासवर्ड'. शेवटच्या शब्दाने दचकू नका. पासवर्ड साधा असला तरी तो कुलूपबंद नळीतून जातो. जाणाऱ्यासाठी ५८७ आणि स्टार्टटीएलएस. सर्व्हरचं नाव सर्टिफिकेटवर आहे तेच द्या, आयपी देऊ नका. 'सुरक्षेचा अपवाद करा' असा डबा आला तर मान्य करून पुढे जाऊ नका, मागे जाऊन नाव किंवा सर्टिफिकेट दुरुस्त करा.

एका क्लायंटला पाठवलेली मेलं 'सेंट'मध्ये हवी असतात, दुसऱ्याला 'सेंट आयटम्स'मध्ये, आणि मग तीन-तीन फोल्डर होतात. लोकल.कॉन्फमध्ये 'नेमस्पेस इनबॉक्स'च्या आत सेंट, ड्राफ्ट्स, ट्रॅश, जंक या चारांना 'ऑटो = सबस्क्राइब' द्या, म्हणजे ते सगळ्यांना तयारच दिसतात.

आमचा खरा घोळ मात्र सेल्सच्या खात्याने केला. ते एकच खातं तीन लॅपटॉपांवर उघडलेलं. दोघांचं चाले, तिसऱ्या ताईंचं अधूनमधून बंद. "दादा, तोच पासवर्ड माझ्याकडेच चुकीचा कसा?" पासवर्ड बरोबरच होता. थंडरबर्ड एका खात्यासाठी पाचपर्यंत जोडण्या धरून ठेवतो, आणि डव्हकॉट एका नावाला एका आयपीवरून दहाच जोडण्या देतो. ऑफिसचे सगळे लॅपटॉप बाहेरून एकाच आयपीचे दिसतात. दोन पंचे दहा, तिसरी बाहेर. लॉगमध्ये 'मेल_मॅक्स_यूजरआयपी_कनेक्शन्स' हे नाव स्पष्ट लिहून येत होतं, मी बघत नव्हतो. लोकल.कॉन्फमध्ये 'प्रोटोकॉल आयमॅप'च्या कंसात तो आकडा तीस केला आणि तक्रार थांबली. कोण किती जोडण्या धरून बसलंय ते 'सूडो डव्हॲडम हू' दाखवतं.

शेवटचं, फेलटूबॅन (टाइप करताना 'टू'च्या जागी २ हा आकडा). ९९३ उघडलं की ॲडमिन, इन्फो, टेस्ट या नावांनी दार ठोठावणारे येतातच, त्यांना अडवायला ते बसवा आणि डव्हकॉटची नोंद चालू करा. पण तोच एक आयपी इथेही आडवा येतो. कुणीतरी पासवर्ड बदलतो, ड्रॉवरमधल्या जुन्या फोनवर जुना पासवर्ड राहतो, फोन बिचारा दर काही मिनिटांनी प्रयत्न करतो आणि फेलटूबॅन अख्ख्या ऑफिसला बंदी घालतो. ओळखायची खूण अशी: ऑफिसच्या वायफायवर मेल बंद, आणि तोच फोन मोबाईल डेटावर घेतला की चालू. तसं दिसलं तर 'सूडो फेलटूबॅन-क्लायंट स्टेटस डव्हकॉट' चालवून यादीत आपला आयपी आहे का ते बघा, 'अनबॅनआयपी'ने तो सोडवा, आणि मग तो जुना फोन शोधा. ऑफिसचा आयपी कायमचा असेल तर तो 'इग्नोरआयपी'मध्ये घाला. आमच्याकडे तो फोन डिस्पॅचच्या टेबलाच्या खणात, चार्जरला लावलेला सापडला.